घर सोडतोय, पण घरमालक अर्धं डिपॉझिट कापणार म्हणतायत. काय करू?

पत्र:

नमस्कार ताई, आम्ही पुण्यात एका टू बीएचके फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, दोन वर्षं होत आली. भाडं आता २२ हजार, डिपॉझिट ७० हजार. पहिलं अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केलं होतं. ते संपल्यावर मालक काका म्हणाले, आता परत कशाला खर्च, विश्वास आहे ना, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच हजार रुपये भाडं वाढवून पुढे चालू ठेवलं. आता मिस्टरांची बदली नागपूरला झालीय. एक तारखेला महिन्याची नोटीस मेसेज करून दिली तर काका म्हणतात दोन महिन्यांची द्यायला हवी होती, तेव्हा अजून एका महिन्याचं भाडं द्या, शिवाय पेंटिंगचे २५ हजार, किचन ट्रॉलीचे ६ हजार आणि डीप क्लीनिंगचे ४ हजार डिपॉझिटमधून कापणार. मुलीने बेडरूमच्या एका भिंतीवर रंगीत खडूने गिरगटलंय आणि टीव्हीसाठी आम्ही भोकं पाडली, हे खरंय. हॉलच्या भिंतीला ओल आहे पण ती पहिल्या पावसाळ्यापासूनची. काका स्वतःच्या चावीने दोनदा न सांगता आत आले, एकदा मी बाथरूममध्ये होते. आता म्हणतायत सोसायटीला सांगून सामानच बाहेर काढू देणार नाही. मिस्टर म्हणतात शेवटचं भाडं द्यायचंच नाही, डिपॉझिटमधून वळतं करा म्हणायचं. मला भांडण नकोय, पण एवढे पैसे सोडवत पण नाहीत.

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगू का, राग आला. पैशांपेक्षा त्या न सांगता आत येण्याचा जास्त आला, त्यावर येतेच. पण आधी मिस्टरांचं बघू, कारण ते या महिन्यातच निस्तरायचंय.

शेवटचं भाडं थांबवू नका. सगळे तसंच करतात, मला माहितीय, आणि मालकाचा अनुभव वाईट असेल तर तसं करावंसं वाटणं साहजिक आहे. पण आजच्या घडीला तुमची बाजू स्वच्छ आहे, भाडं थकलेलं नाही, नोटीस लेखी दिलीय. भाडं थांबवलंत की उद्या काका कुणालाही सांगू शकतात की बघा, भाडं बुडवलं, आणि मग भिंत, ट्रॉली, ओल हे सगळं बाजूला पडून तुम्ही थकबाकीदार एवढंच उरतं. डिपॉझिट हे भाड्याचे आगाऊ पैसे नाहीत, ते थकबाकी आणि नुकसान यांच्यासाठी ठेवलेलं तारण आहे, आणि ते भाड्यात वळतं करायचं तर दोघांची संमती लागते. काका स्वतःहून तयार असतील तर मेसेजवर तसं लिहून घ्या आणि खुशाल करा. नसतील तर नेहमीच्या तारखेला, नेहमीच्या खात्यावर, नेहमीसारखं भरून टाका.

पण याची दुसरी बाजू काकांनाही तेवढीच लागू आहे. ते ७० हजार तुमचे आहेत, त्यांच्याकडे ठेवायला दिलेत. घर सोडताना ते परत द्यायचे आणि त्यातून काही कापायचं असेल तर का आणि किती हे कापणाऱ्याने दाखवायचं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, मालक आकडा सांगतो आणि राहणारा तो कमी कसा होईल म्हणून विनवण्या करत बसतो. तुम्ही पण पत्रात "काय करू" असंच विचारलंय, जसं काही ३५ हजार गेलेच आहेत आणि आता त्यातले किती वाचतात ते बघायचंय. तसं नाहीये. आणि तो जास्तीचा महिना धरला तर ३५ पण नाही, ५७ हजार होतात, म्हणजे हातात येणार १३. शांतपणे एकेक बघू.

पेंटिंग. सगळ्यात आधी ते पहिलं रजिस्टर केलेलं अ‍ॅग्रीमेंट काढा आणि त्यात पेंटिंगचं कलम आहे का ते नीट वाचा, सगळी पानं, कारण काही एजंट छापील मसुद्यात "सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामासाठी कापण्यात येईल" असं वाक्य घालून ठेवतात आणि सही करताना ते कुणी वाचत नाही. तसं वाक्य असेल तर तुम्ही ते मान्य केलंय, मग वाद घालायला जागा फार कमी. नसेल तर संपूर्ण घराचा रंग तुमच्या माथी मारायला काहीही आधार नाही. माणसं घरात राहिली की रंग फिका पडतो, सोफ्याच्या मागे घासल्याची रेघ येते, स्विचबोर्डभोवती हाताचे डाग पडतात, याला नुकसान म्हणत नाहीत, वापर म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८ मध्ये हेच आहे, की घर ज्या अवस्थेत मिळालं तसंच परत द्यायचं पण वाजवी वापराने झालेली झीज सोडून. आता तांत्रिकदृष्ट्या तुमचं लिव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी, आणि ते कलम भाडेपट्ट्याचं आहे, पण लिव्ह अँड लायसन्सच्या जवळपास प्रत्येक मसुद्यात हीच ओळ कुठल्या ना कुठल्या शब्दांत असते, तुमच्यातही असणार, शोधा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा राज्यांसमोर ठेवला त्याच्या परिशिष्टात तर भिंतींना रंग-सफेदी करणं सरळसरळ मालकाच्या यादीत टाकलंय. तो कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि आपल्याकडे अजून १९९९ चाच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो, त्यामुळे काकांपुढे तो कायदा म्हणून नाचवू नका, पण वाजवी काय हे कळायला तो उपयोगी आहे.

आता त्या गिरगटलेल्या भिंतीचं. ती तुमची जबाबदारी आहे, इथे मी तुमची बाजू घेणार नाही. पण किती? लहान मुलीचा हात कुठपर्यंत पोचणार, फार तर आपल्या कमरेइतक्या उंचीपर्यंत, म्हणजे एका भिंतीचा खालचा भाग. खडू मेणाचा असेल तर तो पुसून पूर्ण जात नाही आणि वरून नुसता रंग मारला तर मेणावर रंग नीट धरत नाही, त्यामुळे आधी घासून, प्रायमर मारून मग दोन हात द्यावे लागतात, आणि अर्धीच भिंत रंगवली तर जुन्या-नव्याचा फरक दिसतो म्हणून ती एक भिंत पूर्ण करावी लागेल. म्हणजे एक भिंत. चार खोल्या नाहीत. शिवाय विचारा की घराला शेवटचा रंग कधी दिला होता. तुम्ही राहायला यायच्या आधी नुकताच दिला असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाच तो दोन-तीन वर्षांचा जुना असेल तर आता त्याचं आयुष्य तसंही संपत आलेलं आहे आणि नव्या रंगाचा अख्खा खर्च तुमच्याकडून घेणं म्हणजे जुन्याच्या बदल्यात नवं करून घेणं झालं. टीव्हीच्या भोकांचं सोपं आहे, पुट्टी भरून टच-अप, तेही तुमच्याकडे. मी तुमच्या जागी असते तर एक पेंटर बोलावून ती भिंत आणि भोकं जायच्या आधी स्वतःच करून घेतली असती, पावती ठेवली असती आणि काकांना फोटो पाठवला असता. काकांनी परवानगी दिली तर त्यांच्याच पेंटरकडून करा, शेड जुळते.

ओल मात्र तुमची नाही. अजिबात नाही. ओल भिंतीत बाहेरून किंवा पाइपातून येते, राहणाऱ्यामुळे येत नाही. पलीकडे बाथरूम असेल तर टाइल्सच्या फटींतून, वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून, नाहीतर बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून. भिंतीवर फुगे येऊन पोपडे निघतायत आणि पांढरी पावडर सुटतेय ना, ती भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात म्हणून, आणि मूळ गळती थांबवल्याशिवाय त्यावर कितीही रंग मारला तरी पुढच्या पावसाळ्यात तो निघणार. बाहेरची भिंत किंवा गच्ची असेल तर ते काम सोसायटीचं, वरचा फ्लॅट असेल तर त्या फ्लॅटवाल्याचं, आतला पाइप असेल तर मालकाचं. तुमचं काम एवढंच होतं की दिसल्यावर वेळेत कळवायचं. तुम्ही पत्रात लिहिलंय पहिल्या पावसाळ्यापासून आहे, तर तेव्हा काकांना फोटो पाठवला होता का? चॅटमध्ये मागे जा, शोधा, मीडियामध्ये तारखेनुसार सापडेल. तो एक फोटो आणि त्यावर काकांचं "बघतो" असं उत्तर असेल तर विषय तिथेच संपला. फक्त तोंडी सांगितलं असेल तर आजच एक मेसेज टाका की हॉलच्या भिंतीला पहिल्या पावसाळ्यापासून ओल आहे, आपल्याला त्या वेळी सांगितलं होतं, आपण येऊन पाहिलीही होती (पाहिली असेल तरच लिहा), अजून दुरुस्ती झालेली नाही. खोटं एक अक्षर लिहू नका, त्याने खऱ्या गोष्टी पण कमकुवत होतात.

ट्रॉलीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, त्यामुळे मला अंदाज बांधावा लागतोय. खालचा चॅनेल गंजून ट्रॉली अडकायला लागली असेल तर ती झीज आहे. पण जड डबे ठेवून चॅनेल वाकला असेल, किंवा फळी तुटली असेल, तर ते नुकसान आणि ते भरून द्यायचं. तसंही एक चॅनेलची जोडी बदलणं आणि अख्खी ट्रॉली बदलणं यात पैशांचा खूप फरक आहे. सुतार बोलावून दुरुस्त करून घ्या, मग सहा हजारांचा प्रश्नच राहत नाही. आणि क्लीनिंग, तुम्ही घर झाडून-पुसून, ओटा, शेगडीमागच्या टाइल्स, चिमणीची जाळी, बाथरूम सगळं स्वच्छ करून द्यायचं, फ्रिजखाली-कपाटामागे कचरा ठेवायचा नाही, एवढं केलंत की चार हजार कसले? मशीन लावून डीप क्लीनिंग ही नवीन माणूस येणार म्हणून मालकाने करायची गोष्ट.

करार कायद्यात, १८७२ च्या, कलम ७४ आहे, त्याचा मथितार्थ असा की करार मोडला तर भरपाई वाजवी मिळते, करारात लिहिलेल्या आकड्याच्या आत, आणि जिथे नुकसान मोजता येतं तिथे ते दाखवावं लागतं. भिंत आणि ट्रॉलीचं नुकसान तर अगदी सहज मोजता येतं, पेंटर आणि सुताराचं कोटेशन घेतलं की झालं. त्यामुळे काकांना शांतपणे एकच विचारा, कोणत्या भिंतीचे किती, कोणत्या वस्तूचे किती, कोटेशन पाठवा. "पेंटिंग २५ हजार" हा हिशोब नाही.

आता नोटिशीचं, आणि इथे तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे जी बहुतेक तुम्हाला माहिती नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि रजिस्टर केलेला पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे. मालकाची, तुमची नाही. तो केला नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत मालक ते चुकीचं असल्याचं सिद्ध करत नाही. शिवाय न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा पण कायद्यात आहे. तुमच्या दुसऱ्या वर्षाचा करार रजिस्टर नाही. तेव्हा काका आता दोन महिन्यांची नोटीस ठरली होती म्हणत असतील तर ते त्यांनी दाखवायचंय, पहिल्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक महिना लिहिलेला असेल आणि पुढे तेच चालू ठेवलं असं तुमचं म्हणणं असेल तर पारडं तुमच्या बाजूने आहे. (पहिल्यातच दोन महिने लिहिलेले असतील तर मात्र काकांचं बरोबर, मग तो महिना मागतायत त्यात गैर नाही, वाटाघाटी करा, नवीन माणूस लवकर आला तर तेवढे दिवस सोडा म्हणा.)

आणि करार पुन्हा रजिस्टर न करून काकांनी वाचवलं किती तर बघा. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीचं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. तुमचं अकरा महिन्यांचं भाडं २ लाख ४२ हजार, त्यात ७० हजारांवरचं व्याज साधारण साडेसहा हजार, पाव टक्का काढला तर सहाशेच्या वर थोडेसे. शहरात नोंदणी फी एक हजार. वर किरकोळ हाताळणी आणि एजंटचं जे काय असेल ते. घरबसल्या आधार आणि अंगठा लावून ऑनलाइन होतं. एवढ्या रकमेसाठी काकांनी स्वतःची बाजूही उघडी टाकली, कारण मुदत संपल्यावर राहणारा निघाला नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) जाऊन घर लवकर परत मिळवायची सोय आहे, तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानतात, आणि जास्त राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. हे तुम्ही पण लक्षात ठेवा, कारण याचाच अर्थ असा की डिपॉझिट मिळेपर्यंत घरच सोडत नाही असं म्हणून तुम्ही नोटिशीच्या तारखेपुढे बसून राहिलात तर अंगाशी येऊ शकतं. कुणीतरी तुम्हाला हा सल्ला देणारच, म्हणून आधीच सांगते.

कलम ५५ चा उल्लेख मात्र धमकीसारखा करू नका. पहिल्याच मेसेजमध्ये "तुम्हाला कैद होऊ शकते" लिहिलंत तर काका वकील गाठतील आणि ३५ हजारांचं भांडण वर्षभर चालेल. ते मनात ठेवा, अगदीच आडमुठेपणा झाला तर वापरा.

आता त्या चावीचं. काकांचं घर आहे, त्यांना ते बघायचा हक्क आहे, अगदी कायद्यात लिहिलेला हक्क आहे, त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८. पण त्याच कलमात हेही आहे की वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. आणि हे लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घरालाही लागू आहे. न सांगता चावी लावून आत येणं हे त्यात बसत नाही, मग ते कितीही वयस्कर असोत, कितीही "मी घरचाच आहे" म्हणोत. बाई बाथरूममध्ये असताना हॉलमध्ये कुणीतरी उभं असणं म्हणजे काय वाटतं हे मला तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तेव्हा गप्प बसलात त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पण आता उरलेल्या दिवसांत नवीन भाडेकरूंना घर दाखवायला ते रोज कुणाला ना कुणाला घेऊन येणार, तेव्हा आजच लिहा: काका, घर दाखवायला आमची काही हरकत नाही, आदल्या दिवशी सांगा, संध्याकाळी सहा ते आठमध्ये या, आम्ही घरात असताना या. आणि रात्री आतून कडी, दिवसाही आतून कडी. तरीही आलेच तर त्याच दिवशी तारीख-वेळ घालून मेसेज करा की आपण आज न कळवता आत आलात. अंगावर धावून आले, लाईट-पाणी तोडलं, सामान बाहेर टाकायची भाषा केली तर ११२ ला फोन, तिथे भीड धरायची नाही. बाकी डिपॉझिटच्या हिशोबासाठी पोलिसांकडे जाऊन उपयोग होत नाही, ते दिवाणी म्हणून परत पाठवतात.

सोसायटीने सामान अडवायची धमकी बहुतेक पोकळ आहे. सोसायटीचा व्यवहार तिच्या सभासदाशी, म्हणजे काकांशी. मेंटेनन्स थकला असेल तर तो त्यांच्याकडून वसूल करायचा, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते) सभासदालाच लागतात, आणि तेसुद्धा सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, २००१ पासून सरकारचा तसा आदेश आहे. तुमचा टेम्पो गेटवर अडवायचा अधिकार यातून कुणाला मिळत नाही. पण वॉचमनला कायदा सांगण्यात अर्थ नसतो, तो बिचारा सांगितलेलं करतो, म्हणून आठ दिवस आधी सेक्रेटरींना ईमेल करा, की अमुक फ्लॅट अमुक तारखेला रिकामा करतोय, अमुक वेळेत सामान जाईल, लिफ्टचे काही नियम असतील तर कळवा, पार्किंगचं स्टिकर आणि गेटचं कार्ड कुणाकडे द्यायचं. मालकाला त्यात कॉपी ठेवा. मी स्वतः सोसायटीच्या कमिटीत काम केलंय, असं लेखी पत्र आलं की कमिटी आपोआप सावध होते, कारण मालक-भाडेकरूच्या भांडणात पडायची हौस कुणालाच नसते.

मग आता काकांना एक मेसेज टाकायचा. फोन नको, फोनवर आवाज चढतो आणि नंतर कोण काय बोललं याला पुरावा नसतो. साधारण असा:

"काका नमस्कार. एक तारखेला कळवल्याप्रमाणे आम्ही महिनाअखेरीस फ्लॅट रिकामा करतोय. या महिन्याचं भाडं भरलंय. बेडरूमची एक भिंत आणि टीव्हीची भोकं आम्ही स्वखर्चाने नीट करून देतोय, ट्रॉलीही सुताराला दाखवतोय. हॉलची ओल पहिल्या पावसाळ्यापासूनची आहे. याशिवाय आपल्याला काही नुकसान वाटत असेल तर रविवारी घरी येऊन सोबत बघू या, आणि कोटेशनसह कळवा. ताबा देताना डिपॉझिट परत मिळावं ही विनंती."

विनंतीच म्हणा. आणि रविवारी खरंच चहाला बोलवा, मिस्टर घरात असू देत, शक्य असेल तर पहिल्या वेळचा एजंटही. सोबत खोलीखोलीत फिरा. समोर उभं राहून एका भिंतीकडे बोट दाखवायची वेळ आली की २५ हजारांचा आकडा बऱ्याचदा तिथेच खाली येतो. काकांचंही ऐकून घ्या हां, कदाचित त्यांना आधीच्या भाडेकरूने खरंच फसवलं असेल, कदाचित त्या भाड्यावर त्यांचा फ्लॅटचा हप्ता जात असेल आणि एकदम ७० हजार काढणं जड जात असेल. तसं असेल तर ते स्वतः बोलणार नाहीत, तुम्ही विचारा, आणि दोन हप्त्यांत घ्यायची तयारी दाखवा, पण तारखा लिहून.

शेवटच्या दिवशी सामान गेल्यावर रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून प्रत्येक भिंत, छत, प्रत्येक नळ सोडून बंद करून, पंखे-लाईट चालू करून, गीझर, कपाटांची दारं, आणि शेवटी वीज मीटरचं रीडिंग. दिवसाउजेडी काढा, संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये भिंतीचे डाग दिसत नाहीत आणि मग कुणीही काहीही म्हणू शकतं. मग दोन प्रतींत ताबा पावती: आज अमुक तारखेला फ्लॅटचा रिकामा ताबा आणि इतक्या चाव्या मिळाल्या, डिपॉझिटपैकी इतके मिळाले, इतके बाकी, अमुक तारखेपर्यंत देणार, कपात इतकी आणि अमुक कारणासाठी. दोघांच्या सह्या. ट्रान्सफर खात्यात आला की चाव्या हातात, एकाच वेळी, एकाच टेबलावर. काका त्या दिवशी आलेच नाहीत किंवा चाव्या घ्यायला नकार दिला तर नोटिशीच्या तारखेलाच मेसेज आणि ईमेल करा की घर रिकामं आहे, चाव्या तयार आहेत, कुठे आणि कधी देऊ. म्हणजे तुम्ही अडून बसलात असं होत नाही.

तरी पैसे अडकलेच, तर वकिलाची एक नोटीस स्पीड पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. त्यानंतर थेट कोर्टात दावा न टाकता जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा आणि दावा दाखल करण्यापूर्वीच्या तडजोडीसाठी अर्ज द्या. ते दोघांना बोलावतात, लोकअदालतीत ठेवतात, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथे जी तडजोड होते तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते, वर अपीलही नाही. आणि हे खूप बायकांना माहितीच नसतं, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यामुळे अर्ज तुमच्या नावाने करा, अ‍ॅग्रीमेंटवर तुमचं नाव असेल तर. पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा नागपूरला गेल्यावर "बघू नंतर" करत ती घालवू नका. नागपूरहून खेपा घालणं त्रासाचं आहे हे मान्य, म्हणूनच सगळा जोर ताबा द्यायच्या आधी लावा, तुम्ही पुण्यात आहात आणि चाव्या तुमच्याकडे आहेत तोपर्यंत.

किती सोडायचे असं विचाराल तर माझं मत, भिंत, भोकं आणि ट्रॉली तुम्ही करून दिल्यावर त्यावर काका दोन-तीन हजारांसाठी अडले तर सोडून द्या आणि पावती घ्या. १५-२० हजारांवर अडले तर सोडू नका.

आणि नागपूरच्या घराचं. तिथे सामान लावायच्या आधी रिकाम्या घराचा तसाच व्हिडिओ काढून त्या मालकांना पाठवा, वस्तूंची यादी कराराला जोडा, रंग कधी दिला ते विचारून लिहून घ्या. पेंटिंग कोण करणार, नोटीस किती, डिपॉझिट किती दिवसांत परत, मालक घर बघायला येणार तर किती आधी सांगणार, या चार ओळी करारात पाहिजेतच. मालकाने पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवली की त्याची प्रत मागून ठेवा. आणि अकरा महिने झाले की पुन्हा रजिस्टर करा, मालक नको म्हणाले तर खर्च अर्धा-अर्धा करू म्हणा. वाटलं तर सुरुवातीलाच दोन किंवा तीन वर्षांचा करार करा, भाडेवाढ किती टक्के ते त्यातच लिहून, अकरा महिन्यांचाच करायला पाहिजे असं काही नाही.

रविवारी काय झालं ते कळवा. पहिल्या अ‍ॅग्रीमेंटचं पेंटिंग आणि नोटिशीचं कलम नीट कळत नसेल तर नावं-पत्ते झाकून तेवढ्या पानांचा फोटो पाठवा, बघून सांगते.